फिल्मसारखं नाही

“फिल्मसारखं नाही,” अण्णा म्हणाले आणि कानांवरचे हेडफोन काढून त्यांनी मांडीवर ठेवले. “पुन्हा घेऊ.”

मी कॅमेऱ्यापासून धावतच त्यांच्या खोलीत आले होते, शाबासकी मिळेल या खात्रीनं. मॉनिटरवर शॉटचं शेवटचं चित्र अजून तसंच होतं. खिडकीतला उजेड कुमुदताईंच्या अर्ध्या चेहऱ्यावर, उरलेला अर्धा सावलीत, हातात काळ्या फोनचा रिसीव्हर. बोलता बोलता मधेच त्या अशा थांबल्या होत्या की माझाच श्वास अडकला होता. तोवर मी टिपलेल्यातला तो सर्वांत चांगला शॉट होता.

“अण्णा, नेमकं काय नाही आवडलं? उजेड?”

“उजेड छान आहे.”

“फ्रेम?”

“फ्रेमला काय झालंय?”

“मग?”

“फिल्मसारखं वाटत नाही गं,” ते म्हणाले, आणि हे वाक्य त्यांनी नेहमीपेक्षा चांगलंच मोठ्यानं म्हटलं. मग दाराकडे तोंड करून त्याहून मोठ्यानं, “कुमुद, तुझं झकास झालं! ह्या नव्या कॅमेऱ्याचंच काय तरी आहे. जरा दम खा, पुन्हा घेऊ या.”

आतून कुमुदताईंचा आवाज आला, “घेऊ की. मला कुठं जायचंय?”

मी चडफडत परत कॅमेऱ्याकडे गेले. माझ्या कॅमेऱ्याची बदनामी सगळ्या युनिटला ऐकू जाईल अशी ओरडून करायची काय गरज होती, हे मला कळेना.

राधानगरीच्या धरणापासून थोडं आत एक जुनं, बंद पडलेलं विश्रामगृह आम्ही शूटिंगला घेतलं होतं. सिनेमा एका निवृत्त टेलिफोन ऑपरेटर बाईचा; ते काम जुन्या काळच्या नायिका कुमुदताई करत होत्या. एकटीच राहते. रोज संध्याकाळी तिला एका अनोळखी माणसाचा चुकून फोन येतो, आणि हळूहळू ती त्या फोनची वाट बघायला लागते. निम्म्याहून जास्त सिनेमा म्हणजे एक बाई, एक फोन आणि तिचं बोलणं. असा सिनेमा कॅमेरामनच्या जिवावर चालतो, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत फिरायची. स्वतंत्रपणे माझा तो पहिलाच सिनेमा होता. हातून गेला असता तर दुसरा कुणी दिला असता असं मला वाटत नव्हतं. कॅमेऱ्यामागं बाई उभी दिसली की तेव्हा निर्माते आधी माझ्या मागं कोण आहे का ते बघायचे.

दिग्दर्शक जिनदत्त चौगुले, म्हणजे आमचे अण्णा. कोल्हापुरात स्टुडिओ चालत होते तेव्हापासूनचा माणूस. पुष्कळ वर्षं घरी बसून होते. त्यांचा भाचा अभिनंदन मगदूम, इचलकरंजीचा सुताचा व्यापारी, मामासाठी म्हणून पैसे घालायला उभा राहिला. फिल्म धुणाऱ्या लॅब तेव्हा एकेक करून बंद पडत होत्या, त्यामुळे डिजिटलशिवाय इलाज नव्हता. अण्णांनी एकच अट घातली होती. पडद्यावर फिल्मसारखं दिसलं पाहिजे. आणि मी छाती पुढं काढून म्हटलं होतं, “अण्णा, फरक कुणाला कळणारसुद्धा नाही!”

पहिल्या दिवशीचा एक प्रसंग सांगायला हवा. मुहूर्ताचा नारळ फुटला, पहिला शॉट झाला, अण्णा “ओके” म्हणाले आणि सवयीनं पुढं म्हणाले, “गेट बघा.”

कॅमेऱ्याबरोबर मुंबईहून आलेला अटेंडंट शफीक माझ्या तोंडाकडे बघायला लागला. त्यानं फिल्मचा कॅमेरा कधी हाताळलाच नव्हता.

“अण्णा,” मी हसून म्हणाले, “याला गेट नसतं. फिल्मच नाही, तर गेट कुठलं?”

“नसतं?” अण्णांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. “मग त्यात केस कसा यायचा?”

“येतच नाही. तीच तर मजा आहे. केस नाही, कचरा नाही. शॉट चांगला तर चांगला, वाईट तर वाईट.”

“बरं,” ते म्हणाले आणि बराच वेळ दाढी खाजवत उभे राहिले. म्हाताऱ्या माणसाला नवीन यंत्राचं कौतुक वाटतंय, असं मी समजले.

त्यानंतरच ‘फिल्मसारखं नाही’ सुरू झालं.

मग मी काय काय केलं ते आठवलं की आज हसू येतं, तेव्हा रडू येत होतं. असा कॅमेरा चित्र आधी मुद्दाम फिकट, राखाडी टिपतो आणि रंग नंतर चढवायचे असतात. अण्णांना ते राखाडी चित्र खटकत असेल म्हणून मी मॉनिटरवरच रंग चढवून दाखवायला लागले. नाही. मुंबईहून जुन्या काळातल्या लेन्स मागवल्या, कडांना किंचित धूसर होणाऱ्या. नाही. फिल्मवर जे बारीक दाणे दिसतात तसे दाणे संगणकावर घातले, तो तुकडा त्यांना दाखवला. “दाणे कशाला? शेंगा आहेत का त्या?” लोबान जाळून खोलीत धूर केला. बिस्वासदा, आमचे कोलकात्याचे साउंड रेकॉर्डिस्ट, खोकून बेजार झाले. तरी नाही. शफीक बिचारा रोज लेन्स पुसून म्हणायचा, “मॅडम, अपना कॅमेरा एकदम ओके आहे. त्यांच्या दिलमधे काय आहे ते तुम्ही विचारा ना.”

विचारत तर होतेच. उत्तर एकच.

मला सगळ्यांत जास्त चक्रावून टाकणारी गोष्ट वेगळीच होती. धरणाचं पाणी टिपलं, अण्णा म्हणाले, “मस्त. पुढं.” सायकलवरून येणारा पोस्टमन, “मस्त. पुढं.” शेगडीवरचं दूध, दारातलं मांजर, कुमुदताई पाठमोऱ्या वाळत घातलेल्या साड्या काढतायत, सगळं मस्त. तोच कॅमेरा, त्याच लेन्स, तोच माणूस. फक्त कुमुदताई फोनवर बोलायला लागल्या की कॅमेरा बिघडायचा. आणि तेही दर वेळी नाही! कधी पहिल्याच वेळी ओके, कधी सकाळ संपली तरी नाही. नाकारलेले आणि ओके झालेले शॉट मी शेजारी शेजारी लावून बघायची. उजेड तोच, रंग तोच. उलट कितीतरी वेळा नाकारलेल्या शॉटमध्ये त्यांचा चेहरा जास्त सुंदर दिसायचा. डोळे कुठंतरी लांब गेलेले, ओठ किंचित उघडे. मला वेड लागायची पाळी आली होती.

शेवटी मी निष्कर्ष काढला की दोष कुमुदताईंच्या वयाचा आहे. डिजिटल कॅमेरा कुणावर दया करत नाही. फिल्मवर न दिसणारी सुरकुतीही त्यात दिसते. मी कोल्हापुरात महाद्वार रोडवर माणूस पाठवून रेशमी मोजे आणवले आणि एक कापून लेन्सच्या मागच्या बाजूला ताणून बसवला. ही जुनी युक्ती आहे, चेहरा मऊ दिसतो.

कुमुदताई ते बघत होत्या. “माझ्या सुरकुत्या झाकतेस काय गं?”

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. “नाही ताई, जरा... फिल्मसारखं दिसावं म्हणून.”

“माझा चेहरा फिल्मसारखा नाही राहिला, असं म्हणतो का दत्ता?”

“तुमच्याबद्दल नाही म्हणत. कॅमेऱ्याबद्दल म्हणतात.”

“हो का?” त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मग थर्मासमधला चहा ओतून कप माझ्या हातात दिला. “घे, शारदा. तोंड सुकलंय तुझं.”

माझं नाव शलाका. त्या मला कधी शलाका म्हणायच्या, कधी शारदा. वयस्कर माणसं करतात तसं, म्हणून मी कधी दुरुस्त केलं नाही.

मोजा लावूनही अण्णा म्हणाले ते तुम्हाला ठाऊकच आहे.

हे सगळं इचलकरंजीला पोचत होतंच. एका सकाळी अभिनंदनची पांढरी गाडी आवारात आली. तो वाईट माणूस नव्हता. मला बाजूला घेऊन त्यानं आधी चहा मागवला, मग घसा खाकरला.

“मॅडम, मला ह्यातलं काही कळत नाही. सूत म्हणाल तर हात लावून सांगीन कुठल्या गिरणीचं. पण मामा रोज फोनवर म्हणतात, फिल्मसारखं नाही. दिवस वाढत चाललेत. मुंबईहून एक जण यायला तयार आहे, स्वतःचा कॅमेरा घेऊन.”

“तो काय वेगळं करणार आहे?”

“ते मला काय माहीत? रविवारी मी येतो. तुम्ही काय टिपलंय ते दाखवा. मामा हो म्हणाले तर तुम्ही. नाही म्हणाले तर मग मला काहीतरी करायलाच पाहिजे, नाही का?”

शनिवारी जनरेटर बिघडला आणि शूटिंगला सुट्टी मिळाली. मी ठरवलं, रविवारी वाद घालायचाच नाही. ओके झालेले आणि नाकारलेले शॉट एकामागोमाग एक लावायचे आणि म्हणायचं, दाखवा फरक. आणि पुरतं तोंड बंद करायचं तर आवाजासकट दाखवावं. सिनेमाचा आवाज कॅमेऱ्यात नसतो, वेगळ्या यंत्रावर असतो, नंतर जोडतात. तोवर मी माझे शॉट फक्त बघितले होते, कधी ऐकले नव्हते. शूटिंगच्या वेळी मी त्याच खोलीत असायची, पण डोळा कामात असला की माझे कान बंद होतात, आणि कुमुदताई रिसीव्हरमध्ये अगदी हळू बोलायच्या. पलीकडच्या अनोळखी माणसाची वाक्यं अण्णा शेजारच्या खोलीतून म्हणायचे. ती वायरमधून खरोखरच त्या रिसीव्हरमध्ये ऐकू जायची, अशी सोय बिस्वासदांनी केली होती. त्यांनी दोघांचे आवाज नोंदवले होते. स्वतः त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता. आवाज स्वच्छ आहे एवढंच ते बघायचे.

मी व्हरांड्यात लॅपटॉप घेऊन बसले, शेजारी संहिता ठेवली आणि आवाज जोडून ऐकायला लागले.

ओके झालेले शॉट संहितेप्रमाणे होते. नाकारलेल्या पहिल्या शॉटमध्ये कुमुदताईंनी एकच वाक्य तीनदा म्हटलं. मला वाटलं, माझीच जोडणी चुकली. पुन्हा जोडलं. तीनदाच. दुसऱ्यात त्या थांबल्या, आणि मग थांबूनच राहिल्या. तिसरा म्हणजे माझा तो आवडता शॉट. डोळे लांब गेलेले, चेहऱ्यावर अर्धा उजेड. त्यात त्या म्हणत होत्या, “दादा, गाडी सुटायची वेळ झाली. मला उतरवून घ्या ना. दादा, ऐकताय ना?”

आमच्या सिनेमात दादा नव्हता. गाडीही नव्हती.

मग रिसीव्हरमधून अण्णांचा आवाज, कधी ऐकला नव्हता इतका मऊ, “उतर गं. मी आहे खाली. हात दे.”

कुमुदताईंचा चेहरा निवळला. “आलात? मला वाटलं, येणारच नाही.”

“येणार नाही कसा? कट.” आणि त्यानंतर माझी धावत आलेली पावलं, आणि मग मोठ्यानं, “फिल्मसारखं नाही!”

मी ते पुन्हा पुन्हा ऐकलं. काय झालं ते कळलं होतं, का झालं ते काही केल्या कळेना. बाई वाक्यं विसरत होत्या. मग नाव माझ्या कॅमेऱ्याचं का?

अण्णा मागच्या पायरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. मी हेडफोन त्यांच्यापुढं धरले. त्यांनी घेतले नाहीत.

“ऐकलंस तर,” ते म्हणाले.

“ही गाडी कुठली, अण्णा?”

“आमचा पहिला सिनेमा. ती नायिका, मी बारका असिस्टंट. भावाचं काम करणारा नट उशिरा यायचा, म्हणून त्याची वाक्यं कॅमेऱ्यामागून मी म्हणायचो.” त्यांनी एक शेंग फोडली आणि दाणे माझ्या हातावर ठेवले. “तेव्हाही विसरायची. चेहरा असा, की समोरचा लाइटवाला काम विसरायचा. पण पाठांतर कच्चं. आधीच्या एका सिनेमात तिला सगळ्यांसमोर सुनावलं होतं कुणीतरी. ही उठली, मेकअपसकट टांग्यात बसली आणि घरी. पुढं वर्षभर तोंडाला रंग लावला नाही. फार मानी.”

“मग?”

“मग आम्ही गेटमधला केस काढला.”

मला काही समजलं नाही, हे माझ्या तोंडावर दिसलं असणार.

“गेट म्हणजे लेन्समागची खिडकी, तेवढं तुला ठाऊक आहे. फिल्म तिथनं सरकते. तिची खरवड निघते, केसासारखी बारीक, आणि त्या खिडकीत अडकते. पडद्यावर हे एवढं मोठं मूळ लोंबताना दिसतं. म्हणून शॉट झाला की गेट बघायचं, केस असला की शॉट पुन्हा. त्यात नटाची चूक नसते, कुणाचीच नसते. कुमुद चुकली की मी कॅमेरामनकडं बघायचो आणि तो म्हणायचा, गेटमध्ये केस आलाय. ती म्हणायची, मेला तुमचा कॅमेरा! आणि हसत पुन्हा उभी राहायची.” ते माझ्याकडे वळले. “आणि तू पहिल्याच दिवशी मला सांगितलंस, ह्यात केस येतच नाही. शॉट वाईट तर वाईट. मग मी दोष कुणावर घालायचा, सांग की?”

“माझ्यावर,” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. “माझ्यावर घातलात तो! मी रात्रंदिवस लेन्स बदलतेय, मोजे कापतेय!”

“हळू.”

“तुम्ही मला सांगायचं होतंत.”

“तू कुणाला सांगितलं असतंस, आणि त्यानं कुणाला. आता नुसतं पाठांतर राहिलेलं नाही ते. डॉक्टरांनी तिच्या पुतणीला सांगितलंय. तिला स्वतःला किती ठाऊक आहे, मला माहीत नाही. हा तिचा शेवटचा सिनेमा आहे, पोरी. अभिनंदनला कळलं तर तो दुसरी बाई आणेल. व्यापारी माणूस आहे, त्याचं चुकतं असंही नाही.”

“आणि उद्या? उद्या तुम्ही फिल्मसारखं नाही म्हणालात तर मी घरी जाते.”

“आणि कॅमेरा चांगला म्हटलं तर तो विचारणार, मग एकेका शॉटला सकाळ का घालवताय? चुकतंय कोण?” त्यांनी आणखी एक शेंग फोडली. “तुला दुसरा सिनेमा मिळेल. तिला मिळणार नाही.”

हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं की मला त्यांचा राग आला, आणि रागाबरोबर लाजही वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखी राग आला. हातातले दाणे मी अंगणात फेकून दिले. त्या दुपारी मला एवढंच पटत होतं की कुणाच्या तरी मानासाठी माझा बळी जातोय आणि तो देण्याबद्दल मला कुणी विचारलेलंही नाही.

रविवारी जेवणाच्या खोलीचे पडदे ओढून आम्ही मोठा टीव्ही लावला. माझ्याकडे दोन तुकडे तयार होते, एक आवाजासकट, एक मुका. मी आवाजासकटचाच लावणार होते. सगळं आपोआप कळू दे, मला तोंड उघडायला नको. अभिनंदन समोर बसला, अण्णा त्याच्या शेजारी. शफीक वायरी खोचत होता.

तेवढ्यात दार उघडून कुमुदताई आत आल्या. हिरवी इरकल, अंबाड्यावर अबोलीचा गजरा.

“मला कुणी बोलावलंच नाही,” त्या म्हणाल्या. “माझे शॉट आणि मलाच दाखवत नाही? सरक रे, अभिनंदन. कशी दिसते बघू तरी.”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी हात जोडले नाहीत, मान हलवली नाही, काहीच केलं नाही. नुसतं पाहिलं. माझं बोट कुठल्या तुकड्यावर होतं ते मला ठाऊक आहे. ते मी उचललं आणि दुसऱ्यावर ठेवलं.

“आवाज?” अभिनंदननं विचारलं.

“आवाज वेगळा असतो. नंतर जोडतात.”

पडद्यावर कुमुदताई न बोलता बोलत राहिल्या. ओके, नाकारलेला, ओके, नाकारलेला. लांब गेलेल्या डोळ्यांचा तो शॉट आला तेव्हा त्या किंचित पुढं सरकल्या.

पडदे उघडले. अभिनंदननं चष्मा पुसला. “मला तर सगळंच छान दिसतंय. मामा, ह्यात फिल्मसारखं काय नाही?”

अण्णांनी खिशातली एक शेंग काढून हातात धरली.

“नाही, मला समजून घ्यायचंय. कॅमेरा चांगला असेल तर मग एवढे दिवस गेले कशात? कुणाचं तरी काहीतरी चुकतंय ना?” आणि तो सावकाश कुमुदताईंकडे वळायला लागला. मुद्दाम नाही. खोलीत आणखी कुणाकडे वळणार?

“माझं,” मी म्हणाले.

“काय?”

“कॅमेऱ्यात दोष आहे. टीव्हीवर दिसत नाही, मोठ्या पडद्यावर दिसेल. गेटमध्ये केस येतो.”

“मॅडम,” शफीक उठून उभा राहिला, “अपने कॅमेऱ्याला गेट कुठंय? मी स्वतः...”

“शफीक, तू गप्प बस.”

अभिनंदननं मान डोलावली. त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. “मग मॅडम, उद्या मुंबईहून त्यांना बोलावून घेतो. तुमचा हिशेब...”

कुमुदताई हसायला लागल्या. आधी हळू, मग पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

“दत्ता, तू हिलाही शिकवलंस?”

“कुमुद...”

“ह्या कॅमेऱ्याला गेट नसतं. पहिल्या दिवशी ही पोरगी तुला सांगत होती तेव्हा मी आतच होते. विसरभोळी आहे, बहिरी नाही. मला वाटलं, आता बिचारा दत्ता काय करणार?” त्यांनी डोळे पुसले. “मेले ते कॅमेरामन गेट उघडायचे, टॉर्च मारायचे, फुंकर घालायचे. केस काढलेल्या माणसाच्या चिमटीत मी एकदाही केस बघितला नाही.”

अण्णांनी चष्मा काढला. “म्हणजे तुला... तेव्हापासून?”

“पहिल्या सिनेमापासून.”

“मग कधी बोलली का नाहीस?”

“तू इतकं जीव तोडून खोटं बोलायचास. मला बरं वाटायचं.”

अभिनंदन एकदा मामाकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होता. सुताच्या धंद्यात असं काही त्याच्यापुढं आलं नसावं.

“अभिनंदन, बाळ, इकडं बघ,” कुमुदताई म्हणाल्या. “चुकते मी. पूर्वी वाक्यं विसरायचे. आता परवा दुपारी झोपून उठले तर हे घर कुणाचं तेच आठवेना. बाहेर हिचा कॅमेरा दिसला म्हणून कळलं, आपण कामावर आलोय. हिला ठेव. मला काढायचं असलं तर मला काढ. टांगा मिळत नाही आता, गाडी सांग.”

“तुझ्याशिवाय मी करणार नाही,” अण्णा म्हणाले.

“मग कर की नीट! मी रोज वाट बघतेय तुला कधी सुचतंय त्याची. फोन माझ्या कानालाच आहे. त्यात तू समोरच्या माणसाचं बोलतोस. माझंही बोल. तू सांग, मी म्हणते.”

इतकी सोपी गोष्ट होती. ती करायची तर त्यांना वाक्यं आठवत नाहीत हे तोंडानं कबूल करावं लागलं असतं. ते होऊ नये म्हणून अण्णांनी माझा कॅमेरा पणाला लावला होता, आणि अण्णांचं खोटं मोडू नये म्हणून त्या गप्प होत्या. मी मधल्या मधे मोजे कापत होते.

“उद्या एक दिवस बघतो,” अभिनंदन शेवटी म्हणाला. “मग ठरवतो. दोघींचं.”

दुसऱ्या दिवशी तो माझ्या मागंच उभा होता. मी मोजा काढून टाकला होता, धूर नाही, काही नाही. खिडकी आणि चेहरा. कुमुदताईंनी रिसीव्हर कानाला लावला. त्यात अण्णा त्यांचं वाक्य म्हणत, त्या ऐकत, थांबत, मग बोलत. फोनवर माणूस ऐकतो आणि मग बोलतो, अगदी तसंच. प्रत्येक वाक्य त्यांना जणू तेव्हाच सुचत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी डोळ्यानं बघता बघता ऐकतही होते. सर्वांत लांबलचक प्रसंग, जो आम्ही भीतीपोटी शेवटावर ढकलला होता, तो एका दमात झाला. मागं अभिनंदन नाक ओढत होता, आणि बिस्वासदांनी त्याच्याकडे रागानं बघितल्यावर तोंडावर रुमाल धरून बाहेर गेला. व्हरांड्यातून तो मुंबईच्या माणसाला “नको, नको, आमचं आहे जुळलेलं” म्हणताना ऐकू आला.

तो सिनेमा लागला तेव्हा पुष्कळांनी मला विचारलं, आजही कुणी ना कुणी विचारतं, डिजिटलवर असं फिल्मसारखं कसं मिळवलं? मी लेन्सचं नाव सांगते. ते लिहून घेतात.

त्या दिवशी “कट” झाल्यावर अण्णा दारात आले. चौकटीला धरून उभे राहिले. कुमुदताईंनी रिसीव्हर खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. नाव आठवायला त्यांना थोडा वेळ लागला.

“शलाका,” त्या म्हणाल्या, “गेट बघ गं.”

मी शफीककडून टॉर्च घेतला, लेन्स काढली आणि वाकून आत पाहिलं. सगळे जागच्या जागी थांबले होते.

“स्वच्छ आहे, ताई,” मी म्हणाले.